अकरावा बुरूज

तिसरा किल्ला पहिल्याच सुरुंगात पडला तेव्हा ढुंढिराज गायधनीची खात्री पटली, की आपल्या घरात फितूर आहे.

त्याआधी नुसती शंका होती. पहिल्या किल्ल्याचं नाव अभेद्यगड होतं आणि तो चौदा मिनिटांत पडला. दुसऱ्याचं नाव त्याने जरा बेताने बळकटगड ठेवलं. तो नऊ मिनिटांत गेला. तिसऱ्याला नावच ठेवलं नाही. ‘किल्ला क्रमांक तीन’ एवढंच, म्हणजे पडला तरी जिवाला लागू नये. लागायचं ते लागलंच.

हे किल्ले जेवणाच्या टेबलाएवढे असत. आत थर्माकोल आणि पुठ्ठा, मजबुतीला अगरबत्तीच्या काड्या, वरून प्लास्टर, प्लास्टरवर रंग. जमिनीसाठी वाळवलेला चहाचा चोथा, झुडपांसाठी भांडी घासायचा काथ्या. त्यावर बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि वेढा खेळायचा. इंदिरानगरमधल्या त्याच्या सोसायटीत असा समज होता, की गायधन्यांच्या मुलाने दिवाळीचा किल्ला अजून उतरवलेला नाही. गायधन्यांना मूल नव्हतं. ढुंढिराज स्वतः चौतीस वर्षांचा होता आणि अंबडच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासायच्या नोकरीला होता. दुसऱ्याने केलेल्या कामावर दिवसभर संशय घ्यायचा, याचा त्याला पगार मिळे. घरी आल्यावर तेच काम तो हौसेने करी.

खेळणाऱ्यांचं एक मंडळ होतं. नाशिक वेढा मंडळ. सुरुवातीला सभासद नऊ होते. चार पुण्याला गेले, एक कॅनडाला गेला आणि एकाचं लग्न झालं. उरले तीन. एक ढुंढिराज. दुसरा मोतीराम, दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार. तिसऱ्या साधनाताई, वय बासष्ट, राहणार देवळाली कॅम्प. त्यांच्या नवऱ्याची नोकरी तोफखान्यात झालेली; सरावाच्या तोफा वाजल्या की पोळी लाटता लाटता त्या तोफेचा प्रकार सांगत. त्यामुळे पंच त्याच. गळ्यात शिट्टी, पिशवीत नियमांची वही.

खऱ्या किल्ल्यांवर खेळायला मंडळात बंदी होती. एकदा रामशेज मांडला होता, पण मुघल व्हायला ना मोतीराम तयार, ना ढुंढिराज. शेवटी दोन्हीकडून मराठेच लढले आणि अडीच तासांनी साधनाताईंनी तह घडवून आणला. तेव्हापासून किल्ला काल्पनिक, आत किल्लेदार, बाहेर वेढेकरी.

बाकीचे नियम असे. किल्लेदाराने तटबंदीचे चोवीस भाग पाडून त्यांना नंबर द्यायचे. त्यातला एक मुद्दाम कच्चा बांधायचा, आत काड्या न घालता, कारण कच्ची जागा नसलेला किल्ला जगात नसतो, असं वहीत लिहिलेलं होतं. तो नंबर चिठ्ठीवर लिहून पाकीट लाखेने बंद करून पंचांकडे द्यायचं. वेढेकऱ्याला सुरुंग तीन; फाशांची लढाई सोडून तो थेट सुरुंगांवर आला तरी चालतं. किल्ल्याला हात लावायचा नाही, नुसता बघायचा आणि नंबर बोलायचा. बरोबर आला की किल्ला पडला, आणि पडलेला किल्ला वेढेकऱ्याच्या घरी जायचा. ढुंढिराजचे तिन्ही किल्ले मोतीरामच्या शेतातल्या शेडमध्ये होते. अभेद्यगडावर सध्या दोन कोंबड्यांचा अंमल होता.

आणि शेवटचा नियम: चार किल्ले ओळीने गमावणाऱ्याची किल्लेदारी जाते. पुढे त्याने फक्त वेढा घालायचा, बांधायचं नाही.

हा नियम ढुंढिराजच्या घशात अडकला होता. त्याला लढाईत काडीचा रस नव्हता. फासे त्याला आवडत नसत, शिशाचे सैनिक त्याला किल्ल्यावरची घाण वाटत. त्याला फक्त बांधायला आवडे. ओलं प्लास्टर थापीखाली गुळगुळीत होत जातं, त्या वेळी त्याच्या डोक्यात एकही व्हॉल्व्ह नसे. लढाई म्हणजे त्या सुखावर बसलेला कर. आता चौथा किल्ला अकरा महिने खपून तयार होत आला होता, आणि तो पडला तर थापी खाली ठेवायची होती. कायमची.

मोतीरामने तिन्ही वेळा पहिल्याच सुरुंगात नंबर बरोबर सांगितला होता. चोवीसातून एक, तोही लागोपाठ तीनदा. ढुंढिराजने हिशेब केला: तेरा हजार आठशे चोवीसात एक. एवढं नशीब असलेला माणूस दिंडोरीत द्राक्षं कशाला लावेल?

त्याने फोनवर ‘वेढा मंडळ (तपास)’ नावाचा ग्रुप काढला. ग्रुपमध्ये तो एकटाच होता. त्यात तो पुरावे टाकू लागला.

पहिली संशयित मालिनी, त्याची बायको. ती अकरावी-बारावीची गणितं शिकवायची आणि आकडे तिच्या लक्षात राहात. जानेवारीत ती मैत्रिणींबरोबर दिंडोरीला बाग बघायला गेली आणि दोन पेट्या द्राक्षं घेऊन आली. ढुंढिराजने ग्रुपवर लिहिलं: ‘दोन पेट्या. कशाबद्दल?’

दुसरी संशयित नवसाबाई, घरकाम करणारी. तिचं माहेर दिंडोरी तालुक्यात, मोतीरामच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर. शिवाय किल्ल्याच्या खोलीत ती रोज झाडू मारी. ‘झाडूच्या खुणा टेबलाभोवती गोल. मोजणी चालू असावी.’

तिसऱ्या संशयित खुद्द साधनाताई. पाकीट त्यांच्याकडेच असतं. ‘शिट्टी वाजवतात. कोणाला इशारा?’

हा मजकूर तो पाठवी, मग स्वतःच वाचून त्यावर अंगठा दाखवी.

आरोपपत्र तयार होतं, आरोपी ठरत नव्हता. तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला ढुंढिराजने सापळा लावला. सकाळी चहा पिताना तो मालिनीला म्हणाला, “सातवा बुरूज कच्चा ठेवलाय ग. तुला म्हणून सांगतो.”

मालिनीने पेपर खाली केला. “मला? आजपर्यंत तू मला रंगाचा डबा कुठे ठेवतोस तेही सांगितलं नाहीस.”

“नवरा-बायकोत काय लपवायचं?”

“बरं,” ती म्हणाली, आणि त्याच्याकडे नेहमीपेक्षा दोन क्षण जास्त बघत राहिली. ढुंढिराजने ते ग्रुपवर नोंदवलं.

नवसाबाईला त्याने दारातच गाठलं. “मावशी, किल्ल्याच्या दरवाजाशेजारच्या बुरुजाला फडकं लावू नका. तेवढाच कच्चा आहे.”

“मी कशाला लावते बाबा? भ्याव वाटतंय मला त्याचं. मागं एक शिपाई पडला तर तुमी दोन दिवस जेवला नव्हता.”

आणि साधनाताईंच्या पाकिटात त्याने एकोणीस लिहिलं. पाकिटात खोटा नंबर घालणं हे सरळ सरळ नियमाविरुद्ध होतं. पण ढुंढिराजच्या मते हे खोटं नव्हतं, तपासाचा भाग होता. मोतीराम सात म्हणाला तर मालिनी. दरवाजा म्हणाला तर नवसाबाई. एकोणीस म्हणाला तर साधनाताई. फितूर उघडा पडला, की सगळ्यांसमोर सांगायचं, डाव रद्द, किल्ला वाचला.

खरी कच्ची जागा होती अकरावा बुरूज. ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती. ग्रुपवरसुद्धा लिहिली नव्हती, कारण ग्रुपमधल्या माणसावर त्याचा पूर्ण भरवसा नव्हता.

एप्रिलची छाटणी उरकून मोतीराम मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दहाला पिकअप घेऊन आला. पिकअपमध्ये त्याने आधीच गाद्या अंथरून आणल्या होत्या.

“गाद्या कशाला?” ढुंढिराजने विचारलं.

“किल्ला न्यायला. मागं बळकटगडाचा तट आडगाव नाक्याच्या खड्ड्यात ढासळला ना, गुरुजी.” ढुंढिराजचे आजोबा पंचवटीत पूजा सांगत, तेवढ्यावरून मोतीराम त्याला गुरुजी म्हणे. ढुंढिराजला संध्येचा पहिला मंत्रही धड येत नव्हता.

“अजून खेळ व्हायचाय.”

“व्हईल ना. मला दुपारी फवारणीचं औषध घ्यायचंय, लवकर उरकू.”

साधनाताईंनी वही उघडली, पाकिटाची लाख सगळ्यांना दाखवली आणि शिट्टी वाजवली. मालिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. एरवी ती खेळाच्या वेळी भाजी आणायला जाई. आज नवसाबाईसुद्धा झाडू हातात धरून तिच्या मागे थांबली होती. तिन्ही संशयित हजर. ढुंढिराजने एक डोळा मोतीरामवर ठेवला आणि उरलेला तिघींवर वाटून दिला.

मोतीराम हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती फिरू लागला. सावकाश, एकेका बुरुजापाशी थांबत, आपल्या बागेत फिरावं तसा. एका ठिकाणी तो वाकला, मान तिरकी करून तटाकडे कडेने बघितलं, नाक जवळ नेऊन वाससुद्धा घेतला. मालिनीने दोन्ही हात घट्ट बांधले. नवसाबाईच्या तोंडून “अगं बया” असं काहीतरी निघालं. ढुंढिराजने दोन्हींची मनात नोंद केली.

“सुरुंग पहिला,” साधनाताई म्हणाल्या. “नंबर?”

“अकरा,” मोतीराम म्हणाला.

ढुंढिराजच्या कानात उन्हाळ्यातल्या पंख्यासारखी घरघर सुरू झाली. अकरा. अकरा मालिनीला माहीत नव्हतं. नवसाबाईला माहीत नव्हतं. साधनाताईंना माहीत नव्हतं. अकरा ठाऊक असलेला माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात एकच होता, आणि ढुंढिराज त्याच्याच चपला घालून उभा होता.

साधनाताईंनी लाख फोडली, चिठ्ठी फक्त स्वतःपुरती उघडली, वाचली आणि भुवया वर नेल्या. “फुसका,” त्या म्हणाल्या.

“आँ?” मोतीराम म्हणाला.

“सुरुंग फुसका गेला. दुसरा बोल.”

मोतीरामने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. पुन्हा एक फेरी मारली. अकराव्या बुरुजापाशी जमिनीवर बसून खालून वर बघितलं. “अकरा,” तो म्हणाला.

“अरे, अकरा झालं की!”

“ताई, अकराच हाय.”

“फुसका. एक राहिला. मोतीराम, अजून तेवीस नंबर आहेत बरं.”

“असतील. पण रोग अकरालाच हाय. लिहा. अकरा.”

मंडळाच्या इतिहासात एकाच बुरुजाखाली तीन सुरुंग लावणारा हा पहिलाच वेढेकरी. साधनाताईंनी लांब शिट्टी वाजवली. “वेढा उठला. किल्ला किल्लेदाराचा. किल्लेदारी कायम.”

मालिनीने टाळ्या वाजवल्या. ढुंढिराजची किल्लेदारी वाचली होती. त्याला आता काहीच करायचं नव्हतं. चिठ्ठी साधनाताईंच्या पर्समध्ये जाणार होती, किल्ला या टेबलावर राहणार होता, आणि पुढचा किल्ला बांधायला तो मोकळा होता. फक्त तोंड बंद ठेवायचं. ज्या माणसाने अकरा महिने तोंड बंद ठेवलं त्याला हे अवघड जायचं कारण नव्हतं.

मालिनीने पोहे आणले. मोतीरामने बशी मांडीवर घेतली आणि तशीच ठेवली.

“उद्या डोळे दाखवून येतो,” तो म्हणाला. “माझं असं चुकत नाय. यंदा बागेत बी कुठली काडी ठेवायची, कुठली काढायची, सगळं नुसत्या नजरेनंच केलंय. आता तिकडं काय करून ठिवलं असंल कुणास ठाऊक.”

“होतं असं एखाद्या वेळी,” साधनाताई म्हणाल्या.

“नाय वो ताई. तीनदा बघितलं.”

ढुंढिराज पोहे चावत होता. त्याला मोतीरामची दया आली, नाही असं नाही. पण दयेवर त्याने सहज मात केली. मात करता येईना ती दुसऱ्याच गोष्टीवर. याला कळलं कसं? खिडकीतून? समोरच्या बिल्डिंगवरून दुर्बीण? आपण झोपेत बोलतो? झोपेत बोललो तर मालिनीला कळेल, मग तिने सातऐवजी अकरा कळवलं असेल? पण मग सात ऐकताना तिने दोन क्षण जास्त का बघितलं? घासागणिक एक नवा संशय येत होता आणि पोहे संपत आले होते. मोतीराम उठला. चप्पल घालू लागला. एक चप्पल घालून झाली. तो गेला की हे कधीच कळणार नव्हतं.

“पण तुला कळलं कसं?” ढुंढिराज ओरडला.

मोतीराम एका चपलेवर उभा राहिला.

“काय कळलं?” साधनाताईंनी अगदी हळू विचारलं.

ढुंढिराज किल्ल्यापाशी गेला, अंगठा अकराव्या बुरुजावर ठेवला आणि दाबला. बुरूज पापडासारखा आत गेला. आत एकही काडी नव्हती.

“ए, बरोब्बर!” मोतीराम आनंदाने ओरडला. “डोळे शाबूत हायेत! बाग वाचली!”

“सांग ना पण, कसं?”

“अरे गुरुजी, बाकीच्या भिंतीला रंगाचा एक हात. ह्या बुरुजाला किती? पाच? वर शेवाळ, वर येल, वर दिवा ठेवायला कोनाडा बी काढलाय. शेजाऱ्याच्या बागेतनं जाताना एका ओळीवर औषधाचे डाग दाट दिसले, की मी समजतो, मालकाला ह्याच ओळीचं भ्याव हाय. रोग तिथंच असतो. तुला जिथं भ्याव वाटतं तिथं तू सजवतोस. आधीच्या तिन्हीला बी हेच केलंस. अभेद्यगडाच्या कच्च्या जागेवर तर तुळशीवृंदावन हुतं.”

म्हणजे फितूर सापडला होता. गेली चार वर्षं तो याच घरात राहात होता, ढुंढिराजच्याच ताटात जेवत होता, आणि त्याच्या हातात दोन नंबरचा ब्रश होता.

“म्हंजे दरवाजाशेजारचा बुरूज धड हुता?” मागून नवसाबाईचा आवाज आला. “दीड महिना मी तिथं श्वास धरून झाडलं. पदर बांधून. माझ्या मालकाला बी सांगितलं नाय, की सायबांनी मला काय सांगितलंय.”

“दरवाजाशेजारचा?” मालिनी म्हणाली. “मला सातवा म्हणालास.”

“पाकिटात एकोणीस आहे,” साधनाताई म्हणाल्या.

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. ढुंढिराजकडे कोणीच बघेना, हे त्याला जास्त धोक्याचं वाटलं.

“मी आईला सांगितलं नाही,” मालिनी म्हणाली. “दोनदा तोंडावर आलं होतं. आईला मी काय सांगत नाही? पण म्हटलं, याने पहिल्यांदा आपल्याला विश्वासात घेतलंय.” तिने रिकाम्या बशा गोळा केल्या. ढुंढिराजच्या हातातली बशी मात्र तिने घेतली नाही.

साधनाताईंनी वही चाळली. पाकिटात खोटा नंबर घातला तर काय, याबद्दल वहीत काहीच नव्हतं. “असं कोणी करेल असं वाटलं नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं. नवा नियम लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी तो वाचून दाखवला: किल्ला पडला. किल्लेदारी गेली. इथून पुढे गायधनी यांनी बांधकाम चालू असलेल्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

“मग नवा किल्लेदार मोतीराम,” त्यांनी जाहीर केलं.

“मी नाय,” मोतीराम घाईने म्हणाला. “मला बांधता येत नाय. मला बांधलेल्यातलं वाईट तेवढं दिसतं.”

“मी बांधते,” मालिनी म्हणाली.

ढुंढिराजला वाटलं ती चिडून बोलतेय. ती दुसऱ्याच दिवशी कागद, पट्टी, कंपास घेऊन बसली आणि चोवीस भाग तिने अंशांत पाडले.

दोन महिने झाले. खोलीच्या दाराला पडदा लागला. आत मालिनी, बाहेर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी ढुंढिराज. त्याला आत जायची बंदी होती, पण प्लास्टर कालवायला बंदी नव्हती. तेवढी फट त्याने नवा नियम सतरा वेळा वाचून शोधून काढली होती. मालिनीला कालवता येत नव्हतं, तिच्या गुठळ्या व्हायच्या. तेव्हा ती आतून सांगे, हा कालवे आणि पातेलं पडद्याखालून सरकवी. रिकामं पातेलं परत येई. घरातलं बोलणं सध्या बहुतेक याच मार्गाने चाले.

“घट्ट कर. इडलीच्या पिठासारखं.”

तो घट्ट करी. सलग दोन महिने इडलीचं पीठ. तटाचा एक दगडही त्याला दिसला नव्हता, पण प्रत्येक दगड त्याच्या हातून गेला होता, आणि कारखान्यातून यायला त्याला पुन्हा बरं वाटू लागलं होतं.

एका शनिवारी आतून आवाज आला, “आज पातळ कर. ताकासारखं.”

ढुंढिराजचा हात थांबला. ताकासारखं. सगळा किल्ला इडलीचं पीठ आणि आज ताक. म्हणजे ती कच्ची जागा आज बांधतेय. पुढच्या महिन्यात वेढा ढुंढिराजनेच घालायचा होता. आता फक्त उद्या-परवा, पडदा वाऱ्याने हलला की कुठला बुरूज अजून ओला आहे एवढं बघायचं. पहिल्या सुरुंगात किल्ला पडेल. मोतीरामचं तोंड बंद होईल. किल्ला घरचा घरातच राहील. सगळं कसं सरळ होतं.

त्याने पाणी घेतलं, वाटीने मोजून. प्लास्टर टाकलं. चमच्याने ढवळलं. ताक झालं. ते पातळ, गळकं प्लास्टर त्याच्या डोळ्यांसमोर आलं, भिंतीवरून ओघळताना, वाळताना कडेला तडे जाताना. हा माल त्याच्या हातून जाणार होता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आणखी एक मूठ टाकली. ढवळलं. मग आणखी एक. चमचा उभा राहिला तेव्हा त्याने डब्यातल्या अगरबत्त्यांच्या सहा काड्या मोडून त्यात बारीक करून घातल्या आणि पातेलं पडद्याखालून आत सरकवलं.

आत पातेलं उचलल्याचा आवाज आला.

“अरे, हे पातळ आहे ना?”

“पातळच आहे.”

“जड वाटतंय.”

“पातेलं जड आहे.”

“नक्की ना?”

“मालिनी,” ढुंढिराज दुखावल्या सुरात म्हणाला, “तुझा माझ्यावर विश्वास नाही का?”

ती विचार करत असावी. मग “नाही,” असं आतून आलं, आणि पाठोपाठ थापीचा आवाज सुरू झाला.